गुडघ्यातलं पाणी

कापड्यात मी दर मंगळवारी बसते. पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वरच्या घाटाकडे निघालं की हे गाव लागतं. रस्त्याकडेच्या एका घराची पडवी, एक टेबल, दोन बाकडी, वजनकाटा आणि भिंतीला टेकवलेली खाट एवढाच इथला दवाखाना. आजूबाजूच्या वाड्यांतली तरुण माणसं मुंबईला, सुरतेला. गावात राहिलेत ते म्हातारे, म्हाताऱ्या आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या एक-दोन सुना. त्यामुळे गेली तीस वर्षं मी करते ती डॉक्टरकी बहुतेक साठीच्या पुढच्या माणसांची आहे, आणि तीही मुख्यतः त्यांच्या सांध्यांची.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो जुलैतला मंगळवार. लावणी ऐन भरात होती. अशा दिवसांत दवाखान्यात फारसं कोणी फिरकत नाही. अंगात ताप असला तरी माणूस आवण संपेपर्यंत चिखलातून बाहेर येत नाही. अकराच्या सुमाराला चौघे जण बांबूला घोंगडी बांधून केलेल्या डोलीतून एका आजीला घेऊन आले. वरच्या वाडीतून पायवाटेनं, भर पावसात, दीड तास चालत. मागून सून, डोक्यावर इरलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन.

फोनवर मुंबईचा मुलगा होता. सुनेनं फोन माझ्या हातात दिला. "डॉक्टर, वय झालंय तिचं. हाल होणार नाहीत एवढं बघा. मी शनिवारी निघतोय."

त्याच्या आवाजात बेफिकिरी नव्हती. घाबरलेला होता तो, आणि मनातून निरोप द्यायला लागला होता.

सून सांगू लागली. "चार दिसांमागं जुलाब झालं व्हतं बाई. ते थांबलं. मंग परवापासनं उठंचना. काल रातीपासनं काय बी बडबडतेय. मामंजींना हाका मारतेय. त्यांना जाऊन पंधरा वर्सं झाली."

आजी अठ्ठ्याहत्तरच्या. ताप एकशे एक. जीभ कोरडी, डोळे आत गेलेले. तोंड वाकडं नव्हतं, दोन्ही पाय हलत होते, म्हणजे अर्धांगाचा झटका नव्हता. नाडी बघायला उजवा हात उचलला तशी किंचाळल्या. मनगट सुजून लाल झालं होतं आणि हाताला गरम लागत होतं. मग मी लुगडं वर केलं. डावा गुडघा नारळाएवढा झाला होता. दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी त्यांचं तोंड बघितलं होतं, डोळे बघितले होते, जीभ बघितली होती. गुडघा कोणीच बघितला नव्हता, कारण जी बाई शुद्धीतच नाही ती "गुडघा दुखतो" असं कुठून सांगणार?

आमच्या पाठ्यपुस्तकात अशा अचानक सुजलेल्या सांध्याचं चित्र अगदी वेगळं होतं. पन्नाशीतला, खाऊन-पिऊन सुखी असलेला पुरुष, मध्यरात्री पायाच्या अंगठ्यात कळ येऊन उठतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. हा गाऊट. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यानं 1683 साली त्याचं वर्णन लिहिलं ते स्वतःच्याच अंगठ्यावरून. आपल्याकडे आयुर्वेदात त्याला वातरक्त म्हटलं, आणि त्याचं दुसरं एक नाव आहे आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. रोगाच्या नावातच त्याची जात-पात ठरवून टाकलेली, आणि तीच आमच्या डोक्यात बसली होती. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन दिवसभर डोंगर चढणाऱ्या म्हातारीला श्रीमंतांचा रोग होईल हे मनातच येत नाही. हिपोक्रेटिसनं मात्र अडीच हजार वर्षांपूर्वी एक गोष्ट नीट टिपली होती. बाईला पाळी असेपर्यंत हा रोग सहसा होत नाही, असं तो सांगतो. याचा दुसरा अर्थ असा की पाळी गेल्यावर होतो. माझ्या पडवीत येणाऱ्या बहुतेक बायकांची पाळी जाऊन वीस-तीस वर्षं झालेली असतात.

हा रोग कसा घडतो ते मी घरच्यांना पाकाच्या उदाहरणानं सांगते. पाकात साखर जास्त झाली आणि पाक गार झाला की तळाशी खडे धरतात. रक्तात युरिक आम्ल असतं. त्याचं प्रमाण डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही आणि त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात धरायला लागतात. शरीराचे गार भाग आधी गाठतात: पायाचा अंगठा, घोटा, बोटांची पेरं. चिखलणीत दिवसभर अनवाणी उभं राहिलेल्या पायांना हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं ते स्फटिक गप्प पडून असतात. एक दिवस काहीतरी बिनसतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात, आणि सांधा पेटतो.

आजींचा रोग मात्र याचा चुलतभाऊ होता. त्यातले खडे युरिक आम्लाचे नसतात, कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे असतात. ते सांध्याच्या कूर्चेत, म्हणजे गादीत, धरतात आणि साठीच्या आत क्वचितच दिसतात. त्याचा आवडता सांधा अंगठा नव्हे, गुडघा. त्याखालोखाल मनगट आणि खांदा. जुलाब, ताप, ऑपरेशन, उपासमार, अंगातलं पाणी आटणं, असं काहीही झालं की दोन-चार दिवसांत तो उसळी घेतो. डॅनियल मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली गाऊटच्या सांध्यातले स्फटिक ध्रुवित प्रकाशात ओळखले आणि लगेच पुढच्या वर्षी हा दुसरा प्रकार वेगळा काढला. त्याला नाव पडलं सुडोगाऊट, खोटा गाऊट. खोटा म्हटला तरी त्याच्या वेदनेत काही खोटं नाही.

म्हाताऱ्या माणसात हे दोन्ही रोग ओळीनं फसवतात. एकाच सांध्याऐवजी तीन-चार सांधे धरतात. थंडी वाजून ताप येतो. माणूस बरळतो, अंथरुणात लघवी करतो, जेवण सोडतो. घरचे म्हणतात भ्रमिष्ट झाली. डॉक्टर म्हणतो लघवीत जंतू असतील, न्यूमोनिया असेल. आमच्या भागात पावसाळ्यात लेप्टो आहे, मलेरिया आहे, आणि 2006 च्या साथीपासून कुठलाही सुजलेला सांधा दिसला की चिकुनगुनियाचा शिक्का मारायची सवय झाली आहे. यातलं काही नसलं की शेवटचं निदान तयारच असतं. वय झालं. ते निदान मीही केलेलं आहे, एकदा नव्हे.

त्या मंगळवारी मी गुडघ्यातलं पाणी काढायचं ठरवलं. सून दचकली. "पाणी नका काढू बाई. एकदा काढलं की परत परत भरतंय म्हणत्यात." ही समजूत इथे घरोघर आहे. पाणी परत भरतं ते रोग आत राहिल्यामुळे, सुईमुळे नव्हे. पण ती वाद घालायची वेळ नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं की आत पू आहे की नाही हे मला बघितलंच पाहिजे. पू असेल तर दोन दिवसांत सांधा जाईल आणि मागोमाग आजी. ती गप्प झाली आणि तिनं आजींचं डोकं मांडीवर घेतलं.

वाटीच्या बाहेरच्या बाजूनं, वाटी आणि मांडीचं हाड यांच्या फटीत सुई घालतात. जागा स्पिरिटनं पुसली, बधिर केली, सुई सरकवली. सिरिंजमध्ये पिवळं, गढूळ पाणी आलं. निरोगी सांध्यातलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं असतं. सुईच्या टोकावरून सोडलं तर बोटभर लांब तार धरतं. आजींच्या गुडघ्यातलं पाणी तार न धरता साध्या पाण्यासारखं टपकलं. ती सुजेची खूण. दोन सिरिंज भरल्या. गुडघा मोकळा झाला तसा आजींच्या कपाळावरचा पीळ थोडा सुटला.

सलाईन लावून मी त्यांना रुग्णवाहिकेनं खाली रुग्णालयात पाठवलं. पाण्याचा एक भाग जंतू बघायला महाडच्या प्रयोगशाळेत गेला, आणि एक थेंब मी संध्याकाळी पोलादपूरच्या माझ्या दवाखान्यात काचेवर घेतला.

त्या काचेची गोष्ट सांगायला हवी. स्फटिक खात्रीनं ओळखायचे तर ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागतो. तो मोठ्या शहरांत असतो, आणि महाग असतो. माझ्याकडे आहे तो थुंकीतले क्षयाचे जंतू बघायला घेतलेला साधा सूक्ष्मदर्शक. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी मला पोलरॉइडचे दोन तुकडे दिले. एक दिव्यावर ठेवायचा, एक नेत्रकाचेत बसवायचा. एक तुकडा हळूहळू फिरवत गेलं की एका क्षणी सगळं काळं होतं. पेशी नाहीशा होतात, आणि त्या काळोखात स्फटिक चमकतात. गाऊटच्या सुया पहिल्यांदा अशा दिसल्या तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते. अमावस्येच्या रात्री इथल्या डोंगरावरून आभाळ दिसतं तसं ते दिसतं.

पायरोफॉस्फेटचे स्फटिक असे उजळत नाहीत. ते आखूड, चौकोनाला तिरपं दाबल्यासारखे, आणि त्यांची चमक मंद असते. घाईत बघणाऱ्याला ते हुकतात. म्हणून मी पोलरॉइड काढून साध्या उजेडातही बघते. अर्धा तास डोळा लावून बसले तेव्हा एका पांढऱ्या पेशीच्या पोटात तसा एक तुकडा दिसला. मग दुसरा. मग दिसतच गेले. जंतू मला दिसले नाहीत आणि महाडच्या पहिल्या तपासणीतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्ष-किरण फोटोत गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या फटीत एक बारीक पांढरी रेघ दिसली, रांगोळीची चिमूट चुकून सांडावी तशी. मनगटातही तशीच. ती गादीत धरलेल्या खड्यांची रेघ. आजींच्या आयुष्याची कितीतरी वर्षं ती तिथे असणार.

मूत्रपिंडं आटलेली होती, म्हणून दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या दिल्या नाहीत. जंतू नाहीत याची खात्री झाल्यावर थोडे दिवस थोड्या मात्रेत स्टिरॉइड, पोटभर पाणी आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा आजी खाटेवर बसून चहा पीत होत्या. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्या गुडघ्याबद्दल नव्हता. "बाय, आमचं आवण लावलं का कुणी?"

शनिवारी मुलगा आला तो आईचं मुख बघायला मिळेल ना या धास्तीत. आईनं त्याला शेतावर पाठवलं.

ही गोष्ट चांगली संपली म्हणून सांगायला सोपी. आता दुसरी सांगते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे ती. मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपानंतर कितीतरी कामगार कायमचे गावी परतले. त्यांतले एक काका माझ्याकडे रक्तदाबासाठी येत. सत्तरीच्या उंबऱ्यावरचे, नेटके, औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवणारे. त्यांना मी लघवी साफ होणारी, म्हणजे पाण्याची गोळी दिली होती. रक्तदाब छान उतरला. वर्षाभरानं घोटा सुजला. युरिक आम्ल बघितलं, नेहमीच्या मर्यादेत होतं. म्हणून मी गाऊट नाही असं ठरवलं. हे माझं पहिलं चुकलं: झटका ऐन भरात असताना युरिक आम्ल खाली उतरलेलं असू शकतं, त्या एका आकड्यावर काहीच ठरत नाही. दुसरं असं की पाण्याच्या गोळीमुळे युरिक आम्ल लघवीवाटे बाहेर पडेनासं होतं, हे मला पाठ होतं आणि सुचलं नाही. आणि तिसरं, सगळ्यांत वाईट, मी दुखणं थांबवायची इंजेक्शनं आणि मग पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळीनं आराम पडला. आराम पडला म्हणून काकांनी तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी घेतल्या.

दीड महिन्यानं ते आले तेव्हा दोन्ही पाय सुजलेले, धाप लागलेली. क्रिएटिनिनचा कागद बघून माझे हात गार पडले. पाण्याची गोळी आणि दुखण्याची गोळी यांनी मिळून त्यांची मूत्रपिंडं मारली होती, आणि दोन्ही गोळ्या माझ्या अक्षरात लिहिलेल्या होत्या. काही वर्षं ते जगले, पण त्यांची मूत्रपिंडं पूर्वपदावर आली नाहीत. मी माझी चूक त्यांना सांगितली. ते म्हणाले, "बाई, तुमच्या गोळीनं पाय चालता झाला व्हता की." त्यांनी मला माफ केलं होतं. मी मात्र त्यानंतर म्हाताऱ्या माणसाला दुखण्याची गोळी लिहिताना प्रत्येक वेळी त्या कागदाची आठवण ठेवत आले आहे.

हे काका माझ्या मनात होते म्हणूनच पुढे एका मावशींचं निदान झालं. त्यांच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी होत्या. म्हातारपणी झिजलेल्या सांध्यांवर अशा गाठी येतात, निम्म्या गावाच्या बायकांना असतात, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं. शहरातल्या एका दवाखान्यात एक गाठ काढून तपासायलाही पाठवली होती. अहवालात काहीच निघालं नाही. गाठ फॉर्मॅलिनमध्ये पाठवली होती आणि फॉर्मॅलिनमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक विरघळून जातात. ती शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायला हवी होती. एवढ्याशा बाटलीतल्या द्रवानं त्या बाईंची तीन वर्षं गेली.

एका मंगळवारी त्या आल्या त्या तर्जनी पदरात धरूनच. "बाई, बोटातनं चुना येतोय." खरंच, फुटलेल्या गाठीतून पानाला लावायच्या चुन्यासारखं पांढरं, ओलसर काहीतरी बाहेर येत होतं. सुईच्या टोकावर घेऊन काचेवर पसरलं. पोलरॉइड फिरवायचीही गरज पडली नाही; साध्या उजेडातच सुयांची गंजी दिसली. त्यांना अंगठ्याचा झटका आयुष्यात कधी आलेला नव्हता. म्हाताऱ्या बायकांत गाऊट असा थेट बोटांच्या जुन्या गाठींतूनच उगवू शकतो, आधी काही वर्दी न देता. त्यांच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी होती, नावाच्या शेवटी 'एच' हे अक्षर. दहा वर्षं चालू. ते 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, पाण्याचीच गोळी. मी ती बदलून लोसार्टन दिली. रक्तदाबाच्या गोळ्यांत ही युरिक आम्ल थोडं कमीही करते. शिवाय युरिक आम्ल उतरवणारी अॅलोप्युरिनॉल अगदी थोड्या मात्रेपासून सुरू केली.

इथे एक गोष्ट घडते आणि बहुतेक रुग्ण तिथेच गळतात. हे औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके वाढतात, कारण जुने खडे विरघळताना सुटून येतात. मावशींनीही दोन महिन्यांत औषध बंद केलं. "तुमच्या गोळीनं दुखणं वाढलं," म्हणाल्या. त्यांना परत पाकाची गोष्ट सांगितली, की तळाला धरलेली साखर गरम पाण्यात सुटताना आधी गढूळच होते. सोबत झटका दाबून ठेवणारं थोडं कोल्चिसिन दिलं. युरिक आम्ल सहाच्या खाली आणून तिथेच धरून ठेवलं. गाठी उतरायला दोन वर्षं लागली. मग एक दिवस मावशी केळीच्या पानात बांधून दोन भाकऱ्या घेऊन आल्या. नाचणीच्या, हातावर थापलेल्या, कडा न फाटलेल्या. ही बोटं तीन वर्षं भाकरी थापत नव्हती. सून थापायची आणि सासू चुलीपाशी बसून बघायची.

कोल्चिसिनचं नाव निघालं म्हणून कळलावीबद्दल सांगते. श्रावण-भाद्रपदात आमच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात ती. हीच अग्निशिखा, तमिळनाडूचं राज्यफूल, आणि तिथे तिची शेती होते ती बियांतून कोल्चिसिन काढण्यासाठी. आमच्या डॉक्टरांच्या एका पिढीला शिकवलं होतं की जुलाब लागेपर्यंत ही गोळी तासातासानं देत राहायची. म्हातारी माणसं त्यातच आडवी व्हायची. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं की सुरुवातीलाच थोडी मात्रा दिली तर तीही तितकीच गुणकारी असते आणि त्रास कितीतरी कमी. मूत्रपिंडं अधू असतील तर तीही आणखी जपून. एका आजोबांना शेजाऱ्यानं सांगितलं होतं की गोळीत कळलावीच असते, मग कंद उगाळून का घेत नाही? नशीब की ते आधी मला विचारायला आले. कळलावीचा कंद हे जीव घेणारं विष आहे. त्याला औषध म्हणून कोणीही हात लावू नये.

सूक्ष्मदर्शकावर माझी भक्ती बसली आहे, पण त्यानंही एकदा मला पाडलंच होतं. मधुमेह असलेले एक गृहस्थ, गुडघा सुजलेला, ताप. काचेवर स्फटिक ठसठशीत दिसले. मला इतका आनंद झाला की स्टिरॉइडची चिठ्ठी मी लिहायलाच घेतली होती. जंतुतपासणीचा निकाल यायचा होता, तेवढ्यासाठी हात थांबवला. दोन दिवसांनी निकाल आला: त्या पाण्यात जंतूही वाढले होते. खडे आणि पू एकाच गुडघ्यात, एकाच वेळी. स्टिरॉइड गेलं असतं तर पाय गेला असता. स्फटिक दिसले म्हणजे पू नाही असं होत नाही, हे वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला सांगते.

आणखी एक आजोबा होते, मान ताठ आणि ताप. मेंदूज्वर म्हणून त्यांना मुंबईला हलवलं, पाठीतलं पाणी काढलं, ते स्वच्छ निघालं. शेवटी मानेच्या सीटी स्कॅनमध्ये दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या टोकाभोवती खड्यांचं कडं दिसलं, मुकुट घातल्यासारखं. हाच रोग, मानेत. आठवड्यात ते गावी परतले.

कोणी विचारतं, अशा आडगावात बसून हे सगळं बघायची काय गरज आहे, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. पाठवावं लागतं तेव्हा मी पाठवतेच. पण याच महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसले, रक्तदाब मोजत राहिले, आणि प्राझोसिन हा उपाय त्यांनी इथूनच जगाला दिला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 साली भिगवणमध्ये घरोघर जाऊन माणसांचे सांधे तपासले आणि खेड्यातल्या माणसाला सर्वांत जास्त काय सतावतं तर ही हाडासांध्यांची दुखणी, हे दाखवलं. गाऊटचे रुग्ण भिगवणमध्ये थोडेच सापडले होते. पण माझ्या पडवीतल्या माणसांचं आयुष्य तेव्हापासून लांबलं आहे, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आता वाडीवाडीवर पोचल्या आहेत, आणि त्यांच्या मागोमाग हे खडेही. माझ्या जुन्या वह्यांत 'आमवात?' असं प्रश्नचिन्ह देऊन सोडलेली कितीतरी नावं आहेत. त्यांतल्या अनेकांच्या गुडघ्यात आज मी सुई घातली असती.

आजींना त्यानंतर आणखी दोनदा झटका आला. दोन्ही वेळा सुनेनं पहिल्याच दिवशी फोन केला. "बाई, गुडघा गरम लागतोय." बरळण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

हे वाचणाऱ्यांत मुंबई-पुण्यात राहणारे, गावी आई-वडील असणारे पुष्कळ असतील. गणपतीला घरी जाल तेव्हा त्यांच्या गोळ्यांची पिशवी एकदा खाटेवर रिकामी करा. पाण्याची गोळी कोणती, 'एच' कशात आहे, दुखण्याची गोळी कोणाच्या सल्ल्यानं चालू आहे, ते कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन वर्षभरात तपासलं नसेल तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. आणि ताप येऊन आई अचानक वेड्यासारखं बोलायला लागली, असा फोन आला, तर फोन करणाऱ्याला आधी तिचे गुडघे आणि मनगटं उघडून बघायला सांगा. सांधा सुजलेला आणि गरम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि त्यातलं पाणी काढून तपासायला सांगा.